टबाचे पाणी, तार आणि तीस मिलिअँपिअर

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचे पत्र आले, की दरवर्षी मी लसीकरण, स्तनपान किंवा मुलांचा ताप यांपैकी एखादा विषय निवडून वेळेत लेख पाठवीत असे. यंदाचा लेख मात्र विजेच्या तारेविषयी आहे. बालरोगतज्ज्ञाने या विषयात लुडबुड का करावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याला दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे गेल्या हिवाळ्यात आमच्या घराच्या गच्चीवर बसविलेला गरम पाण्याचा टब. दुसरे कारण तीस वर्षांपूर्वीचे आहे आणि ते आधी सांगितलेले बरे.

मी निवासी डॉक्टर असताना एका जानेवारीच्या सकाळी सहा वर्षांच्या एका मुलाला त्याचे वडील दोन्ही हातांवर उचलून धावत अपघात विभागात घेऊन आले. घरी बादलीत रॉड लावून पाणी तापत ठेवले होते. शाळेची घाई होती. पाणी तापले की नाही हे पाहण्यासाठी मुलाने बादलीत हात घातला. आम्ही पाऊण तास छातीवर दाब देत राहिलो. हृदय पुन्हा सुरू झाले नाही. त्याच्या अंगावर कुठेही भाजल्याची खूण नव्हती. विजेचा प्रवाह कोरड्या त्वचेतून एखाद्या बिंदूपाशी शिरतो तेव्हा तेथे खूण उमटते. ओल्या त्वचेच्या मोठ्या क्षेत्रातून तो शिरतो तेव्हा पुष्कळदा काहीच उमटत नाही, हे मी पुस्तकात वाचले होते. त्या दिवशी ते पाहिले. त्याचे वडील पुनःपुन्हा एकच वाक्य म्हणत होते, "फ्यूज तर उडाला नव्हता." त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा नीट कळला नव्हता. तो कळण्यासाठी गच्चीवर टब यावा लागला.

टब घरात कसा आला

आमच्या सासूबाईंचे वय आता ८३ आहे. गुडघे आणि कंबर यांच्या झिजेमुळे भोपाळचा हिवाळा त्यांना फार जड जातो. गरम पाण्यात बसल्यावर सांधे सैल होतात, हा त्यांचा अनुभव आणि फिजिओथेरपिस्टचाही सल्ला. मुलाने पुण्याहून आग्रह धरला आणि गच्चीवरील खोलीलगत, छपराखाली, तीन माणसे बसतील असा, पाण्याचे झोत सोडणारा टब ठेवण्याचे ठरले.

ज्या नावाने हे टब जगभर ओळखले जातात, ते जकूझी हे अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका इटालियन कुटुंबाचे आडनाव. हे कुटुंब पंप बनवीत असे. त्यांतील कँडिडो जकूझी यांचा मुलगा केनेथ याला अगदी बालवयात संधिवात जडला. रुग्णालयातील जलोपचार घरीही मिळावेत म्हणून वडिलांनी घरच्या टबात ठेवता येईल असा पंप तयार केला आणि तो पुढे १९५६ मध्ये बाजारात आला. आज चैनीची समजली जाणारी ही वस्तू मुळात एका आजारी मुलासाठी जन्माला आली, हे समजल्यावर माझा टबाविषयीचा संकोच बराच कमी झाला.

टब आला, नळजोडणी झाली, आणि वायरमन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मॅडम, गीझर वाली लाइन से ही निकाल देते हैं. चार की वायर डाल देंगे, सब जगह ऐसे ही चलता है." मी होकार देणारच होते. तेवढ्यात तीस वर्षांपूर्वीचे ते वाक्य आठवले आणि मी म्हणाले, दोन दिवस थांबा.

आपल्या शहरात अशा वेळी कोणाला विचारावे हा प्रश्न पडत नाही. १९५६ मध्ये येथे हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना स्थापन झाला, तेव्हापासून पिपलानी, बरखेडा आणि गोविंदपुऱ्यात मोटारी व ट्रान्सफॉर्मर यांच्यात आयुष्य घालविलेल्या माणसांची वाण नाही. त्यांतील एक निवृत्त मराठी अभियंता माझ्या परिचयाचे. त्यांच्या दोन्ही नातवंडांच्या लसी माझ्याकडेच झाल्या आहेत. फोन करताच दुसऱ्या दिवशी ते पिशवीत मापनयंत्रे घेऊन हजर झाले. पुढे जे लिहीत आहे ते बहुतांशी त्यांनी शिकविलेले आणि मी मागाहून वाचून पडताळलेले आहे.

तारेची जाडी : हिशेब कसा करावा

"डॉक्टरीणबाई, तुम्ही औषधाचा डोस मुलाच्या वजनावरून काढता ना? तारही तशीच, भारावरून काढायची," असे म्हणून काकांनी कागद पुढे ओढला.

आमच्या टबातील हीटर ३ किलोवॅटचा. पंप दोन अश्वशक्तीचा, म्हणजे सुमारे दीड किलोवॅट. हवेचा ब्लोअर व दिवे मिळून अर्धा. एकूण ५ किलोवॅट. आपल्याकडील घरगुती दाब २३० व्होल्ट. ५,००० ला २३० ने भागले की सुमारे २२ अँपिअर येतात. पंपाची मोटर थोडा अधिक प्रवाह ओढते, म्हणून २४ धरू. हा प्रवाह मिक्सरसारखा दोन मिनिटांचा नव्हे. थंडीत पाणी तापण्यासाठी हीटर तासन्‌तास चालतो.

आमच्या घरात मीटरजवळच्या बोर्डापासून गच्चीपर्यंतचे अंतर २५ मीटर. जाण्याचे व येण्याचे मिळून ५० मीटर तांबे. तांब्यालाही स्वतःचा रोध असतो, आणि प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणले की तारेत किती उष्णता निर्माण होते ते कळते. अडीच चौरस मिलिमीटरची तार घातली तर २४ अँपिअरला त्या तारेत सुमारे २१० वॅट उष्णता निर्माण होईल. म्हणजे भिंतीतील नळीत शंभर वॅटचे दोन दिवे सतत जळत ठेवल्यासारखे. चारच्या तारेत हा आकडा सुमारे १३० वर येतो आणि सहाच्या तारेत ९० वर. दाबातील घटही याच प्रमाणात कमी होते : अनुक्रमे सुमारे ९, साडेपाच आणि पावणेचार व्होल्ट.

दुकानातील तक्ता पाहिला तर चारच्या तारेला २४ अँपिअर सहज झेपतात असे दिसते, आणि वायरमनचे म्हणणे त्या अर्थाने चूक नव्हते. परंतु तक्त्यातील आकडा विशिष्ट तापमानासाठी असतो. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. मे महिन्यात भोपाळच्या हवेचे तापमान ४२ ते ४४ अंशांवर जाते आणि गच्चीवरील उन्हात तापलेल्या नळीत ते त्याहून पुष्कळ अधिक असते. आवरणाच्या मर्यादेपर्यंत जेवढे अंतर उरते तेवढाच तारेला तापण्यास वाव. त्यात त्याच नळीतून आणखी चार तारा गेल्या असतील तर वाव आणखी घटतो. टब उन्हाळ्यात वापरणार नाही असे आपण आज म्हणतो. तार मात्र वीस वर्षांसाठी घातली जाते.

निवडीचा नियम सोपा आहे. भारापेक्षा एमसीबी मोठी हवी आणि एमसीबीपेक्षा तारेची क्षमता मोठी हवी. आमच्या बाबतीत भार २४, एमसीबी ३२ आणि तार सहा चौरस मिलिमीटर तांब्याची, असे ठरले. ती गीझरच्या किंवा अन्य कोणत्याही जोडणीतून न काढता मुख्य बोर्डापासून स्वतंत्र नेली. आवरणावर आयएसआय चिन्ह आणि मानक क्रमांक छापलेला असावा, हे पाहूनच वेटोळे घ्यावे. घरात नळीतून जाणाऱ्या पीव्हीसी तारांसाठी आयएस ६९४ हे मानक आहे. गच्चीवर उघड्यावर जाणाऱ्या भागासाठी आम्ही पोलादी तारांचे कवच असलेली आर्मर्ड केबल निवडली. ऊन, पाऊस, माकडे आणि केबल टीव्हीवाल्याचा हातोडा, या सर्वांपुढे साधी तार टिकत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. मंजूर भार ३ किलोवॅटचा आणि घरात वातानुकूलन, गीझर व टब मिळून ९ किलोवॅट, अशी स्थिती असेल तर मीटरपर्यंतची तार आणि मुख्य स्विच हेच तापू लागतात. वीज वितरण कंपनीकडे अर्ज करून मंजूर भार वाढवून घ्यावा आणि काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करवून घ्यावे.

येथवर हिशेब झाला, तेव्हा मला वाटले काम संपले. काका म्हणाले, "आतापर्यंत आपण फक्त तार वाचविली. माणसाचे अजून काही ठरलेच नाही."

फ्यूज का उडाला नव्हता

फ्यूज किंवा एमसीबी हे तारेचे संरक्षक आहेत. तारेतून तिच्या ताकदीबाहेर प्रवाह जाऊ लागला तर ते तो तोडतात. ३२ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने ३० अँपिअरपर्यंत सर्व काही क्षेमकुशल असते. मनुष्याचे गणित मात्र अँपिअरमध्ये नसून मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे हजार पटींनी लहान आकड्यांत चालते.

आपल्याकडील ५० हर्ट्‌झच्या प्रवाहात साधारण एक मिलिअँपिअर मुंग्या आणतो. दहाच्या आसपास हाताचे स्नायू असे आखडतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. मुलांमध्ये ही पायरी त्याहूनही आधी येते. त्यापुढे श्वसनाचे स्नायू जखडतात. पन्नास ते शंभरच्या टप्प्यात, प्रवाह काही काळ टिकला, तर निलयांचे फिब्रिलेशन सुरू होऊ शकते. कोरड्या हाताचा रोध हजारो ओहम असतो. ओल्या शरीराचा तो सुमारे एक हजारावर येतो आणि पाण्यात बुडालेल्या शरीराचा त्याहूनही खाली जाऊ शकतो. २३० ला १,००० ने भागा : २३० मिलिअँपिअर. हृदय बंद पाडण्यास हा प्रवाह पुरेसा आहे. पण पाव अँपिअरदेखील नसल्याने फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. त्या वडिलांच्या वाक्याचा अर्थ इतकाच होता. फ्यूज त्याच्या नियमाप्रमाणेच वागला होता.

तिसऱ्या पिनेतील रिकामी जागा

"पण अर्थिंग असतेच की," असे मी काकांना म्हटले. त्यांनी काही न बोलता गच्चीवरील जुन्या सॉकेटचे झाकण उघडले. तिसऱ्या, मोठ्या पिनेच्या जागी तार जोडलेलीच नव्हती. हिरवी तार पेटीत मागे दुमडून, टेप गुंडाळून ठेवलेली होती. घर वीस वर्षांहून जुने. त्या सॉकेटवर दरवर्षी दिवाळीच्या माळा लागत, सासूबाईंचा हीटर लागे, नातवंडे भोवती खेळत. सर्व काही चालत होते, म्हणून कोणी झाकण उघडले नव्हते. मलाही कधी सुचले नव्हते.

अर्थिंगचे काम म्हणजे उपकरणाच्या धातूच्या भागात चुकून आलेली वीज जमिनीकडे वळविणे. त्यासाठी तार जोडलेली असावी लागते, आणि जमिनीत गाडलेल्या नळीचा किंवा पत्र्याचा जमिनीशी संपर्कही चांगला असावा लागतो. काकांनी आमच्या अंगणातील जुन्या अर्थिंगचा रोध मोजला, तो दहा ओहमच्या आसपास भरला. भोपाळची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खाली खडक लवकर लागतो. पावसाळ्यात बरे असलेले अर्थिंग मे महिन्यात दुबळे होते. खड्ड्यात अधूनमधून पाणी घालण्याची जुन्या लोकांची सवय त्यासाठीच होती.

आता दहा ओहमचा अर्थ पाहा. टबाच्या मोटरच्या धातूच्या कवचाला फेजची तार आतून चिकटली, तर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर जमिनीकडे वाहतील. बाजारात सामान्यतः मिळणारी सी प्रकारची ३२ अँपिअरची एमसीबी तत्काळ पडण्यासाठी पाच ते दहापट, म्हणजे १६० ते ३२० अँपिअर लागतात. २३ अँपिअरला ती पडणारच नाही. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आणि तरीही मोटरचे कवच घातक दाबावर तासन्‌तास उभे आहे. आम्ही नवा खड्डा करून जस्तलेपित नळी गाडली आणि रोध चार ओहमवर आणला. तरीही प्रवाह ५७ अँपिअरच भरतो. एमसीबी पडेल, पण ताबडतोब नव्हे. घरगुती जमिनीवर केवळ अर्थिंगच्या भरवशावर राहता येत नाही, हे या भागाकाराने माझ्या मनावर ठसले. आणि नळाच्या पाइपला अर्थिंग समजून तार बांधण्याची जी रीत आहे ती तर आता निव्वळ आत्मघात आहे, कारण घरोघरी प्लास्टिकचे पाइप आले आहेत.

तीस मिलिअँपिअरचा पहारेकरी

या सर्वांवरचा उपाय म्हणजे आरसीसीबी. भारतीय मानक आयएस १२६४० याच उपकरणाविषयी आहे. त्याचे तत्त्व साधे आहे. फेजमधून जितका प्रवाह जातो तितकाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. त्यात फरक पडला, तर तो प्रवाह कोणत्या तरी आडवाटेने, कदाचित एखाद्या शरीरातून, जमिनीकडे चालला आहे. हा फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच किंवा पोहोचताच उपकरण दोन्ही तारा तोडते. अर्थिंग दुबळे असले तरी ते हे काम करते.

येथे आपल्या व्यवसायबंधूंना एक बारकावा सांगावासा वाटतो. आरसीसीबी शरीरातून जाणारा प्रवाह तीसवर रोखून धरत नाही. ओल्या शरीरातून २३० मिलिअँपिअर जाणार असतील तर ते जातीलच. उपकरण फक्त त्यांचा काळ कापते. पाचपट, म्हणजे १५० मिलिअँपिअर किंवा त्याहून अधिक गळती असेल तर ते ४० मिलिसेकंदांत तुटले पाहिजे. मिनिटाला १२० ठोके पडणाऱ्या मुलाच्या हृदयाचे एक आवर्तन ५०० मिलिसेकंदांचे असते. आवर्तनातील टी-लहरीचा तो नाजूक काळ सापडून फिब्रिलेशन सुरू होण्यास प्रवाहाला वेळ लागतो, आणि तोच वेळ हे उपकरण त्याला देत नाही. झटका बसेल, मूल ओरडेल, रडेल. रडणारे मूल ही आम्हा बालरोगतज्ज्ञांना नेहमीच चांगली बातमी असते.

निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. माणसाच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचेच उपकरण घ्यावे. १०० आणि ३०० ची उपकरणे प्रामुख्याने आगीपासून संरक्षणासाठी असतात. टबात इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो, म्हणून ए प्रकारचे घ्यावे. एसी प्रकार त्यातील विकृत लहरी ओळखेलच असे नाही. आणि आरसीसीबी अतिभार ओळखत नाही, म्हणून सोबत एमसीबी हवीच. दोन्ही कामे एकत्र करणारे आरसीबीओही मिळते. त्यावरील "टी" अक्षराचे बटन महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर वीज गेली नाही तर उपकरण निकामी झाले आहे. आमच्याकडे पहिल्या तारखेला हे काम सासूबाई स्वतः उभ्या राहून करवून घेतात.

हेही सांगितले पाहिजे, की एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणाऱ्याला आरसीसीबी वाचवू शकत नाही. त्याच्या दृष्टीने प्रवाह गेला तितकाच परत आला. म्हणून ते असतानाही उघड्या जोडणीला क्षमा नाही.

जागा आणि जोड

टबात बसलेल्या माणसाचा हात पोहोचेल अशा ठिकाणी स्विच, सॉकेट, पंखा किंवा मोबाइलचा चार्जर नसावा. टब बंद करण्याचा, फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा डीपी स्विच मात्र डोळ्यांसमोर असावा. अमेरिकेच्या विद्युत संहितेत तो टबापासून निदान पाच फूट दूर आणि तेथून दिसेल असा असावा, असे म्हटले आहे, आणि आम्ही तेच अंतर पाळले. प्रत्यक्ष पाण्यातील दिवे १२ व्होल्टचे असावेत आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर टबापासून दूर असावा. तारेचा एकही सांधा टबाखाली किंवा ओल्या जागी येऊ देऊ नये.

धातूच्या सर्व वस्तू, म्हणजे मोटरचे कवच, टबाची पायरी, गच्चीचा कठडा, लोखंडी खांब, या एकमेकींना जाड हिरव्या तारेने जोडून अर्थिंगला जोडाव्यात. विजेच्या तारेवर बसलेल्या पक्ष्याला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात. हात कठड्यावर आणि पाय पाण्यात असलेल्या माणसासाठी ही जोडणी नेमके तेच साधते.

टबाची जोडणी इन्व्हर्टरवर देऊ नये, आणि इन्व्हर्टरचा न्यूट्रल त्याच्या न्यूट्रलमध्ये मिसळू देऊ नये. तो मिसळला की आरसीसीबी विनाकारण पडत राहते. आणि येथूनच पुढचा धोका सुरू होतो.

पडणारी आरसीसीबी म्हणजे ताप

जुलैमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर आमची आरसीसीबी पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. तीन दिवस टब बंद. वायरमन आला आणि सहजपणे म्हणाला, "इसको बायपास कर देते हैं, मॅडम, झंझट खत्म." घरातील मंडळींनाही ते पटत होते.

आपल्याकडे येणारे कितीतरी पालक म्हणतात, ताप उतरवा. आपण म्हणतो, ताप का आला ते पाहू. मी तेच धोरण धरले. एकेक जोडणी वेगळी करून पाहिली, तेव्हा टब निर्दोष निघाला. त्याच मार्गावर नंतर कोणीतरी जोडलेल्या छपराच्या दिव्याच्या पेटीत पाणी शिरले होते. तो दिवा कठड्याला टेकलेला होता आणि पावसात त्या कठड्याला धरून आमची मोलकरीण रोज कपडे वाळत घालीत असे. बायपास केले असते तर झंझट खरोखरच संपली असती, पण कोणाची, हे सांगता येत नाही.

या संदर्भात आम्हा बालरोगतज्ज्ञांना २०२१ हे वर्ष विसरता येत नाही. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशु कक्षाच्या आगीत १० बालके गेली. ८ नोव्हेंबरच्या रात्री आपल्या भोपाळमधील कमला नेहरू रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षालाही आग लागली आणि तेथेही चिमुकले जीव गेले. दोन्ही वेळा बोट विद्युत दोषाकडे दाखविले गेले. आपापल्या दवाखान्यांतील वॉर्मर, सक्शन आणि नेब्युलायझर ज्या सॉकेटवर चालतात त्यांची तिसरी पिन आपण शेवटची केव्हा तपासली, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. मी माझ्या दवाखान्यातील तपासल्या, आणि दोन दुरुस्त करून घ्याव्या लागल्या.

टबात बसणाऱ्यांसाठी

वायरिंग निर्दोष झाले तरी टब हा उपचारासारखाच सांभाळून वापरावा. पाणी ४० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नये आणि एका वेळी पंधरा मिनिटांहून अधिक बसू नये. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना उठताना चक्कर येऊ शकते. त्यांनी एकट्याने बसू नये. गर्भवतींनी टाळावे. पाच वर्षांखालील मुलांना गरम टबात बसवू नये. त्यांचे शरीर भराभर तापते. टब वापरात नसताना कुलपाचे झाकण बंद असावे, कारण लहान मूल थोड्या पाण्यातही बुडते.

कोणाला झटका बसलाच तर प्रथम मुख्य स्विच बंद करावा. त्याआधी त्या व्यक्तीला किंवा पाण्याला हात लावू नये. मग बाहेर काढावे, १०८ ला फोन करावा, आणि श्वास नसेल तर ताबडतोब छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब व कृत्रिम श्वास सुरू करावेत. छातीवर दाब देण्याची ही पद्धत १९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून जगापुढे आली. ती मांडणाऱ्या तिघांपैकी विल्यम कॉवेनहोवन हे वैद्य नव्हते, विद्युत अभियंता होते. तारांवर काम करणारे कामगार झटक्याने दगावत, तेथून त्यांच्या संशोधनाला सुरुवात झाली. आपल्या शास्त्रावर अभियंत्यांचे असलेले हे ऋण मला काकांच्या पिशवीकडे पाहताना आठवत होते.

शेवटचे काम

काम पूर्ण झाले त्या संध्याकाळी काकांनी चाचणीचे बटन दाबले, खटका पडला, आणि ते समाधानाने म्हणाले, "आता आजींना बसवा." त्याच वेळी आमची मोलकरीण चहा घेऊन आली. तिच्या घरी पाणी कशावर तापविता, असे मी तिला विचारले. "रॉड पर, दीदी," ती म्हणाली. घरात दोन मुले. बादली प्लास्टिकची, पिन दोनच, तिसरी तुटलेली.

सासूबाई त्या दिवशी टबात बसल्या नाहीत. "आधी तिच्याकडचे करून या," असे त्यांनी मला सांगितले. दुसऱ्या दिवशी आमच्याच वायरमनला घेऊन मी तिच्या घरी गेले. तेथे तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसविली, तीन पिनांचे सॉकेट लावले, आणि रॉडचा प्लग बाहेर काढल्याशिवाय बादलीला हात लावायचा नाही, हे तिच्या मुलांकडून तीनदा वदवून घेतले. सर्व खर्च तीन-चार हजारांच्या आत झाला. धाकटा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याने बटन दाबून पाहिले, खटका पडला आणि दिवा गेला, तेव्हा तो मोठ्याने हसला आणि पुन्हा दाबू का, असे त्याने विचारले.

मी म्हणाले, दाब.